बारा किलोमीटर, जुबैलमार्गे

एप्रिल आला की माझं डोकं फिरतं. अरबस्तानातल्या ह्या जुबैलमध्ये एप्रिलला वसंत वगैरे कुणी म्हणत नाही. इथे एप्रिल म्हणजे शटडाऊन. वर्षभर धगधगणारा कारखाना तीन आठवडे थंड करायचा, त्याचं पोट उघडायचं, आतली काजळी खरवडायची आणि खरा उन्हाळा अंगावर यायच्या आत टाके घालून पुन्हा मिटवायचं. कंत्राटदारांच्या बसमधून माणसंच माणसं उतरतात. हवेत गंज, ग्रीस आणि ओल्या राखेचा वास असतो. वाळवंटाकडून येणारा वारा दाताखाली बारीक रेती ठेवून जातो, म्हणजे रागानं दात खाताना तोंड अगदीच रिकामं असायला नको.

यंदाही आला. परवा सकाळी गेटमधून आत शिरलो, दूरवर क्रेनचा लांबलचक हात आभाळात गेलेला दिसला आणि मी उभ्या उभ्या तापलो. बरोबरच्या नव्या इंजिनियरनं घाबरून विचारलं, सर, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, गहू. त्यानं पुढे विचारलं नाही. पन्नाशीतला माणूस वाळवंटात उभा राहून गहू म्हणाला तर शहाण्यानं पुढे विचारू नये. तुम्हाला मात्र न विचारता सांगतो.

मी नाशिकचा. पंजाब मी पाहिलेला नाही, ना इकडचा ना तिकडचा. आमच्या लहानपणी पंजाब म्हणजे हॉटेलात मिळणारी लाल रश्श्याची भाजी. दुसरा पंजाब म्हणजे बहिणीला कॉलेजात जाताना मिळालेला पंजाबी ड्रेस, ज्यावरून घरात आठवडाभर अबोला होता. आणि तिसरा इतिहासाच्या पुस्तकातला, जिथे अटक नावाचं काहीतरी होतं आणि त्याच्या पार आमचा झेंडा. पाच नद्यांचा एवढा थोरला मुलूख आम्ही एका ताटात, एका कपाटात आणि एका धड्यात बसवून टाकला होता. त्याची फाळणी झाली हे ठाऊक होतं, पण चार गुणांच्या प्रश्नाइतकंच.

खरा पंजाब मला जुबैलमध्ये भेटला, दोन माणसांच्या रूपात. बलकारसिंग क्रेन चालवतो. त्याचं गाव खेमकरणजवळ, हिंदुस्थानातलं जवळजवळ शेवटचं. बशीर अहमद त्याचा सिग्नलमन, म्हणजे खाली उभा राहून क्रेनला इशारे देणारा. त्याचं गाव कसूरच्या अलीकडे, पाकिस्तानातलं जवळजवळ पहिलं. दोन गावांमध्ये अंतर बारा किलोमीटर. बलकारच्या आजोबांनी बैलजोडी कसूरच्या बाजारातून आणली होती. बलकार हे अभिमानानं सांगायचा आणि बशीर शांतपणे म्हणायचा, म्हणूनच तुमच्या घरात निदान बैल तरी हुशार होते.

बशीर कसूरचा, हे कळलं त्या दिवशी मी घरी जाऊन मेधाला, माझ्या बायकोला, स्वयंपाकघरातून ओढून आणलं. म्हटलं, तू वीस वर्षं पनीरवर चुरगळून टाकतेस ती कसूरी मेथी कुठली? तिला वाटलं मसाल्याच्या कंपनीची. मी हात पसरून, नाटकातल्या बादशहासारखा, जाहीर केलं की कसूर हे गाव आहे, आणि त्या गावचा माणूस मला रोज सकाळी सलाम करतो. ती म्हणाली, मग त्याला जेवायला बोलाव. असल्या वेळी माझ्या भाषणातली हवा काढण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

बशीर जेवायला आला. आणि मी, मराठी माणूस, पोट भरल्यावर मराठी माणूस जे करतो ते केलं. आमच्या फौजा तुमच्या मुलखात अटकेपार कशा गेल्या होत्या, ते त्याला ऐकवलं. डाव्या हाताला पाण्याचा जग म्हणजे सिंधू नदी, उजवीकडे लोणच्याची बरणी म्हणजे पुणे. घोडे उधळले, झेंडा लागला. बशीरनं सगळं अदबीनं ऐकलं. मग विचारलं, किती दिवस राहिले? मी म्हणालो, फार नाही. कोणत्या महिन्यात आले होते? मला आठवत होतं, लाहोरला पोचले ते ऐन वैशाखीच्या सुमाराला. तो मान हलवत म्हणाला, "साब, सगळे तेव्हाच येतात. काबूलवाले आले, तुम्ही आलात, गोरे आले. गहू कापून झाला की येतात, खातात आणि जातात. झेंडा कुणाचा होता ते आमच्या गावात कुणाला आठवत नाही. खाल्लं किती ते आठवतं." मेधा इतकी हसली की तिला ठसका लागला. मी जग जागेवर ठेवला.

ही दोन माणसं एकत्र काम करताना पाहणं हा शटडाऊनमधला माझा एकमेव सण होता. काही वेळा क्रेनवाल्याला ओझं दिसतच नाही. मधे टाक्या, पाइप, लोखंडाचं जंगल. ओझं जंगलाच्या पलीकडे, वीस टनांचं, आणि त्याच्याखाली माणसं. क्रेनवाला केबिनमध्ये आंधळा बसलेला असतो आणि वॉकी-टॉकीवर एकच आवाज त्याचे डोळे असतो. पंजाबी, शांत, जवळजवळ अंगाईसारखा: चल... चल... हौली... बस. बशीर 'बस' म्हणाला की बलकारचा हात त्या शब्दाच्या आत थांबायचा, शब्द संपल्यावर नव्हे. लिफ्टिंगचा आराखडा मी काढायचो, सही माझी असायची, पण ओझं त्या आवाजावर उचललं जायचं.

आणि एप्रिलमध्ये त्या आवाजावर आणखी काहीतरी यायचं, ज्याची परवानगी कुठल्याच नियमात नव्हती. तिकडे गहू कापून अंगणात ढीग घातलेले असतात. त्याच दिवसांत वादळं उठतात, गारा पडतात. ढग पश्चिमेकडून येतात, म्हणजे आधी बशीरच्या गावावर, मग बलकारच्या. मधे अर्धा-पाऊण तास. सीमेपलीकडे थेट फोन करायची दोन्ही घरांची हिंमत नव्हती, म्हणून बशीरचा मुलगा कसूरहून बापाला फोन लावायचा. फोन कारखान्यात न्यायला बंदी, ते गेटवरच्या कपाटात; पण बशीर चहाच्या सुट्टीत गेटवर जाऊन बघायचा आणि परत येऊन वॉकी-टॉकीवर सांगायचा: सरदारा, बद्दल तुझ्याकडे निघाले. बद्दल म्हणजे त्यांचे ढग. बलकार क्रेन थांबवून गेटकडे पळायचा, बायकोला फोन करायचा, आणि खेमकरणच्या अंगणात शेजारीपाजारी धावत येऊन ढिगावर ताडपत्री टाकायचे. मग गारा पडायच्या.

कळतंय का तुम्हाला? बारा किलोमीटरवरच्या शेजाऱ्याला 'पाऊस आला रे' एवढं ओरडून सांगायला ती बातमी अडीच हजार किलोमीटर अरबस्तानात यायची आणि अडीच हजार किलोमीटर परत जायची. ढगाला इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, लागत नाही, व्हिसा लागत नाही. हाकेला लागतो. मला जेव्हा हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कॅन्टीनच्या टेबलावर मूठ आपटली होती, चहा सांडला होता. बलकार म्हणाला, साब, गुस्सा क्यों करते हो, बद्दलाहून फोन जोरात पळतो.

गेल्या वर्षी त्या दिवसांत सीमेवर पुन्हा पेटलं. टीव्हीवर माणसं ओरडू लागली. आमच्या कंत्राटदाराच्या छावणीत एका सकाळी जेवणघराच्या मधोमध जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली दिसली, आणि गेटवरच्या चहाच्या मांडवाखालीही तशीच. एका बाजूला हिंदुस्थानी, दुसऱ्या बाजूला पाकिस्तानी. डाळ एकाच पातेल्यातली, डावही एकच; तो पट्टीवर उभ्या असलेल्या नेपाळी वाढप्याच्या हातात. तो बिचारा डावीकडे एक डाव, उजवीकडे एक डाव, असा घड्याळाच्या लंबकासारखा हलत होता. डाळीला कुणी विचारलं नाही की तू कुठली.

पाठोपाठ हुकूम आला की दोन्हीकडच्या माणसांच्या जोड्या फोडा. बस वेगळी, विभाग वेगळा, वॉकी-टॉकीचं चॅनेल वेगळं. दुसऱ्या विभागात पाऊल टाकायचं तर नवा पास. जोड्यांच्या यादीवर सही लागणार होती ती माझी.

त्या शुक्रवारी आमच्याकडे मराठी मंडळी जेवायला होती. पनीर होतं. एकजण ताटावरून म्हणाला की बरं झालं, त्यांना आता कायमचंच हाकललं पाहिजे. मी उठलो, हातात पळी. म्हटलं, आधी तुझ्या पनीरवरची मेथी वेचून बाजूला काढ. मग मी बोललो, वीस मिनिटं. एका खोलीत बसून नकाशावर रेघ ओढणाऱ्यांना मी असं झोडपलं की लोकांनी जेवण थांबवलं. मला वाटतं, माझं ते सर्वोत्तम भाषण होतं. सगळे गेल्यावर मेधा ताटं गोळा करत म्हणाली, "तुझं झालं ना बोलून? मग उद्या त्या दोघांना परत एका क्रेनवर घेशील का?"

मी म्हणालो, वरून हुकूम आहे.

ती भांडी घासायला गेली. दुसऱ्या दिवशी मी यादीवर सही केली. बलकार उत्तरेच्या विभागात गेला, बशीर दक्षिणेच्या. बशीरचा तो शेवटचा शटडाऊन होता. साठी झाली होती, फायनल एक्झिट लागली होती, पुढच्या आठवड्यात तो कायमचा घरी जाणार होता. दोघांनी तक्रार केली नाही. बशीर फक्त म्हणाला की शेवटचं ओझं सरदाराबरोबर उचललं असतं तर बरं झालं असतं. मी 'हो ना' म्हणालो. माझ्या त्या 'हो ना'ला काय म्हणावं? मला शब्द सापडतात, पण छापण्यासारखे नाहीत.

चौथ्या दिवशी तीनच्या चहानंतर बशीर धापा टाकत माझ्या पोर्टा केबिनमध्ये आला. उन्हानं तोंड तांबारलेलं, हेल्मेट हातात. कसूरवर आभाळ काळं झालं होतं, गारा सुरू झाल्या होत्या, आवळ्याएवढ्या. बलकारच्या विभागात त्याला जाता येत नव्हतं, त्याच्या चॅनेलवर बोलता येत नव्हतं आणि बलकारचा फोन गेटवरच्या कपाटात पडलेला होता.

"साब जी, बलकार नूं दस देणा. अर्धा घंटा है."

माझ्या टेबलावर वॉकी-टॉकी होता. सगळी चॅनेल्स त्यात होती. एक बटण फिरवायचं आणि तीन शब्द बोलायचे. मी म्हणालो, हो, सांगतो, तू जा. बशीर निर्धास्त परत गेला. तेवढ्यात मला मीटिंगला बोलावलं. आणि मी... आता इथे मला नाटक करता येत नाही. चॅनेलवर इतरही ऐकत होते. पाकिस्तानी माणसाचा निरोप हिंदुस्थानी माणसाला मी पोचवतोय, त्या आठवड्यात, हे कुणी ऐकलं तर काय, असं एक क्षण मनात आलं. मग वाटलं, दहा मिनिटांत येऊन सांगू. वॉकी-टॉकी टेबलावर ठेवून मी गेलो. मीटिंग एक तास दहा मिनिटं चालली.

खेमकरणला त्या दिवशी ताडपत्री उडून विहिरीत पडली. बलकारची बायको आणि त्याची म्हातारी आई, दोघींनी गारांच्या माऱ्यात चादरी धरून ठेवायचा प्रयत्न केला. म्हातारीच्या कपाळावर खोक पडली. वर्षभराचं घरचं खाणं आणि पुढचं बियाणं त्या ढिगात होतं. तीन दिवसांनी बलकारनं मला फोनवरचा फोटो दाखवला. गव्हाच्या ढिगाला कोंब फुटले होते. अंगणात हिरवागार, लुसलुशीत डोंगर. दुसऱ्या कशाचा फोटो असता तर मी सुंदर म्हणालो असतो.

बलकार फोन खिशात ठेवत एवढंच म्हणाला, "मियाँनं सांगितलं नाही, साब. ह्या वेळी सांगितलं नाही."

मी गप्प बसलो. बलकारनं बशीरचा नंबर ब्लॉक करून टाकला. जेवणाच्या रांगेत बशीरनं पट्टीपलीकडून हात वर केला, बलकारनं मान फिरवली. बशीरला कळेना. मला कळत होतं आणि मी डाळ जेवत होतो.

जायच्या दिवशी बशीर निरोप घ्यायला केबिनमध्ये आला. दम्मामच्या विमानतळाकडे जाणारी बस बाहेर उभी होती. मेधाला म्हणून त्यानं घरून मागवलेल्या वाळक्या मेथीची पिशवी आणली होती. ती टेबलावर ठेवली, आणि वॉकी-टॉकीकडे बघत विचारलं, साब, त्या दिवशी सांगितलं होतंत ना?

"हाँ," मी म्हणालो. "बता दिया था."

त्यानं मेथीची पिशवी टेबलावर नीट सरकवली. मग म्हणाला, "फिर ठीक है." आणि गेला. म्हणजे तो हे मनात घेऊन कसूरला गेला की सरदाराला निरोप मिळाला होता, आणि तरीही त्यानं तोंड फिरवलं. आणि इकडे बलकार हे मनात घेऊन क्रेनमध्ये बसला की मियाँनं मुद्दाम सांगितलं नाही. दोन माणसांच्या मधे एवढी चांगली रेघ ओढायला मला नकाशा लागला नाही, पेन्सिलही लागली नाही. नुसतं एक 'हाँ'.

त्या पिशवीतली मेथी मेधानं भाजीत टाकली तेव्हा मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणालो. माझ्या खोटेपणाला तोवर सराव झाला होता.

वर्षभर मला राग येत राहिला. पट्टी चिकटवणाऱ्यावर आला, हुकमावर आला, टीव्हीवरच्या घशांवर आला. रेघ ओढून घरी गेलेल्या त्या जुन्या साहेबावर तर आलाच; त्याच्यावर रागावणं सोयीचं, तो उलटून बोलत नाही. मुलीला मी पंजाबच्या पाच नद्या पाठ करायला लावल्या. ती म्हणाली, "बाबा, व्हाय आर यू सो अँग्री विथ जॉग्रफी?" तिला दोन्ही हात वर करून काही तरी बाणेदार ऐकवायला मी तोंड उघडलं, आणि तिसरी नदी कुठली एवढंच विचारलं.

परवा, म्हणजे क्रेन पाहून मी 'गहू' म्हणालो त्याच दिवशी, तीनच्या चहाला मी गेटवरच्या मांडवाखाली गेलो. पट्टी केव्हाच निघाली आहे. जमिनीवर तिचा चिकट, काळपट माग तेवढा राहिलाय. बलकार बाकावर एकटा बसला होता. कपाटातून फोन काढून हवामान बघत होता. अंगठ्यानं नकाशा डावीकडे सरकवायचा, पश्चिमेकडे, थोडं थांबायचा, पुन्हा सरकवायचा. फोन सांगत होता की आभाळ स्वच्छ आहे. त्याचा विश्वास बसत नव्हता. ह्या माणसानं वीस टनांचं ओझं नुसत्या एका आवाजावर माणसांच्या डोक्यावरून नेलेलं मी पाहिलं आहे, आणि आता तो एका निळ्या चित्राकडे संशयानं बघत होता.

मी त्याच्याशेजारी बसलो आणि सांगितलं. बशीर केबिनमध्ये आला होता ते. टेबलावरचा वॉकी-टॉकी. मीटिंग. आणि ते 'हाँ'. हातवारे केले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा माझी गोष्ट दोन मिनिटांत संपली.

बलकारनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं चहाचा कागदी पेला हळूहळू चुरगळला, अगदी बारीक होईपर्यंत. मग हात पुढे केला.

"फोन लावा. तुमच्या फोनवरून. माझ्यासमोर सांगा त्याला."

मी लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तिकडे मळणीचं यंत्र चालू होतं, कुणीतरी ते बंद केलं. बशीरनं आनंदानं मेधाची, मुलीची चौकशी केली. मी त्याला मधेच तोडून सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या हिंदीत. मग त्यानं विचारलं, सरदार तिथे आहे का? मी फोन बलकारच्या हातात दिला.

बलकारनं तो दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला. मग बलकार म्हणाला, "बशीरे." तिकडून उत्तर आलं, "बोल, सरदारा." आणि मग दोघांनी मिळून मला शिव्या द्यायला सुरुवात केली. मी उठून मांडवाबाहेर उन्हात उभा राहिलो, पण आवाज येत होता. बलकार एक शिवी सुरू करायचा, बशीर ती पुरी करायचा. चल, चल, हौली, त्याच सुरात. माझे पूर्वज, माझी डिग्री, माझी सही, काही सुटलं नाही. पंजाबी मला बोलता येत नाही, पण त्या दिवशी प्रत्येक शब्द कळला आणि एकही खोडून काढावासा वाटला नाही.

थोड्या वेळानं बलकारनं मला हाक मारली. फोन माझ्याकडे वळवून धरला. बशीरला काही विचारायचं होतं.

"साब, ती मीटिंग कशाची होती?"

मला सगळं आठवत होतं. "चहाची," मी म्हणालो. "चहाची सुट्टी तीन वाजता ठेवायची की दहा मिनिटं अलीकडे आणायची."

"मग काय ठरलं?"

"काही नाही. तीनच राहिली."

कुणीच हसलं नाही. तिकडे कुणीतरी यंत्र पुन्हा सुरू केलं.